मानेला पाय नको

भाट्ये, रत्नागिरी
९ नोव्हेंबर २०२४

ताई,

हे पत्र मामाचा हितेश आणून देईल. मामाने त्याला गाडी घेऊन दिली आहे. तो मडगावला मासे घेऊन येतो हे तुला ठाऊकच आहे, कारण तुझा पत्ता आम्हाला त्याच्याकडूनच कळला. तू त्याला म्हणालीस म्हणे, फोन पुढे केलास तर दार लावून घेईन, कागद आणलास तर बघू. म्हणून कागद. माशाचा वास येईल, त्याला इलाज नाही.

आईची मान दुखते. नारळी पौर्णिमेच्या सुमाराला सुरू झालं. आधी सगळ्यांना वाटलं, पाटीने मान धरली असेल. बाजारातून खालच्या आळीपर्यंत डोक्यावर पाटी, त्यात बर्फ, त्यामुळे आम्हालाही ते खरं वाटलं. नाक्यावरच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं आणि गोळ्या दिल्या. गोळी घेतली की दुपारपर्यंत बरं, मग परत तेच. आता ती मान वळवत नाही. हाक मारली की अख्खी वळते. अंथरुणातून उठताना दोन्ही हातांनी डोकं धरते, भरलेली घागर उचलावी तसं. संध्याकाळी अंग गरम लागतं. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकतात, इतकी वाळली आहे.

कमळामावशी तिच्या शेजारीच बसते बाजारात. ती रोज म्हणते, "मालन, ही उसण हाय. मानेत भरली हाय. घरात पायाळू लेक असताना गोळ्या काय खातंस?"

आणि आई मला म्हणते, "बाय गो, दर्शनाला बोलव. तिचा पाय लागला की सुटेल."

मी तुला पाय लावायला बोलावत नाही, ताई. मूल पायांकडून जन्मलं म्हणून त्याच्या पायात काही येत नाही, हे मी कॉलेजात असताना चौकाचौकांत नाटक करून सांगितलं आहे. आई फक्त तुला भेटायला बोलावते आहे, असं लिहिलं असतं तर कदाचित तू आली असतीस. पण ती तेवढ्यासाठी बोलावत नाही, आणि तुला खोटं लिहायचं नाही असं मी ठरवलं आहे.

सोमवारी तिला सिव्हिलला नेते. बाबा बोटीवर आहेत. त्यांना विचारलेलं नाही.

सलोनी

---

भाट्ये
२१ नोव्हेंबर

ताई,

तुझी चिठ्ठी हितेशने दिली. काजूच्या कारखान्याच्या पाकिटाचा फाडलेला कागद होता. "मी कोणाला पाय लावणार नाही. आईला पण नाही. तू शिकलीस ना, तू समजाव." एवढंच. हितेश दारात उभा राहून विचारत होता, काय लिहिलंय, काय लिहिलंय. मी म्हटलं, खुशाली.

आईला टीबी आहे. मणक्याचा, मानेतला.

तिला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "मला खोकला कुठं हाय? टीबीवाली खोकून मरतात." मीही आतून तेच म्हणत होते. सिव्हिलमध्ये टीबीचं बघणाऱ्या दीपाली मॅडम आहेत, वयाने तुझ्याएवढ्याच असतील. त्यांनी आईचा एक्सरे उजेडाला धरला. मग मला बाजूला न घेता आईलाच जवळ बोलावलं आणि बोट ठेवून दाखवलं. मानेत सात मणके असतात. त्यातल्या पाचव्या आणि सहाव्याच्या कडा खाल्ल्यासारख्या दिसत होत्या, मधली फट गेली होती. त्या म्हणाल्या, "जंतू श्वासातून फुप्फुसात जातात, तिथून रक्तातून कुठेही बसतात. तुमच्या इथे बसलेत. पाटीने नाही झालं हे."

आई म्हणाली, "मग पाटी घेतली तर चालेल?"

"पाटी आता कधीच नाही."

बाहेर आल्यावर आई मला म्हणाली, "बाई चांगली हाय, पण तिला बाजार ठाऊक नाय."

मग एमआरआय झाला. त्यात मणक्यांच्या पुढे पू साठलेला दिसला, आणि मागे तो मज्जारज्जूला टेकत होता. त्याच आठवड्यात मी नववीला चेतासंस्था शिकवत होते. मज्जारज्जू मानेतून खाली जातो आणि हातापायांचे सगळे निरोप त्यातून ये-जा करतात, असं मी फळ्यावर लिहिलं. लिहून झाल्यावर मुलं वहीत उतरवून घेईपर्यंत मी खिडकीपाशी उभी राहिले. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. काहीच आलं नाही. घंटा झाली तेव्हा पुढच्या वर्गावर गेले.

कोल्हापूरला नेऊन सुईने पू काढून तपासला. त्यात टीबीचे जंतू सापडले. नेहमीची औषधं त्यांच्यावर चालतात असं मशीनने सांगितलं, ही चांगली गोष्ट आहे. औषधं वर्षभर, कदाचित त्याहून जास्त. सिव्हिलमधून फुकट मिळतात. पहिल्या दिवशी आई मोरीतून ओरडत आली, "रक्त जातंय गो." रक्त नव्हतं. त्या गोळ्यांनी लघवी केशरी होते, हे मॅडमनी सांगितलं होतं, मीच तिला सांगायला विसरले. थुंकी तपासली, छाती तपासली, दोन्ही साफ आहेत, त्यामुळे हा आजार तिच्यापासून कोणाला लागत नाही. हे मी वाडीत प्रत्येकीला सांगते. सगळ्या मान डोलावतात आणि चहा घेत नाहीत.

मुख्य म्हणजे मान हलता कामा नये. हनुवटीपासून छातीपर्यंत येणारा कडक पट्टा दिला आहे. झोपतानाही काढायचा नाही. मणके आतून पोकळ झालेत, मॅडम म्हणाल्या, त्यावर जोर आला तर ते आत बसतील आणि रज्जू चेपेल. मग हात जातील, पाय जातील. म्हणून हेही लिहिते. तू आलीस, आणि आईने हट्ट केला, आणि तुला दया आली, तरी मानेला पाय नको.

पण तू येणारच नाहीस असं लिहिलं आहेस.

सलोनी

---

भाट्ये
५ डिसेंबर

ताई,

आईच्या हातातून कोयती पडली. मावशीच्या दारात बसून बांगडे कापत होती. पट्टा घालूनच. बसून कापायला काय होतंय, म्हणाली होती. कोयती पडली आणि अंगठ्याच्या खाली कापलं, आणि मावशी ओरडेपर्यंत तिला कळलंच नाही. रक्त बघून म्हणाली, "हे माशाचं."

त्यानंतर दोन दिवसांत तिला साडीच्या निऱ्या घालता येईनात. चालताना पाय वेगळे टाकते, होडीतून उतरलेल्या माणसासारखे. हाताला मुंग्या येतात का विचारलं तर म्हणाली, "मुंग्या होत्या. आता त्या पण गेल्या."

हे असं अचानक का झालं, ते मी लिहिणार नव्हते. कारण त्याचा अर्थ तू तुझ्यावर घेशील. पण हितेशला ठाऊक आहे आणि तो सांगणारच.

शनिवारी मी शाळेत होते. कमळामावशी आईला रिक्षाने खाडीपलीकडच्या एका वाडीत घेऊन गेली. तिथे एक पायाळू बाप्या आहे. मावशीला वाटलं, लेकीचा पाय मिळत नाही तर दुसऱ्याचा. पाय तो पाय. त्याने आईला पालथं झोपवलं, पट्टा काढायला लावला आणि टाच मानेवर ठेवून दाबली. तीन वेळा दाबतात म्हणे. तू अशी दाबायची नाहीस. तू नुसती टेकवायचीस, आणि म्हातारे म्हणायचे, जरा जोर लाव गो पोरी.

आई घरी आली ती खूष होती. "हलकं वाटतंय," म्हणाली. मी भात वाढला. तिने खाल्लाही. सकाळी हातातून पेला निसटला, आणि दुपारी ती कोयती.

मावशी दारात येऊन बसली आहे. मी तिला घालवून दिलं नाही. तिच्याशी बोललेही नाही. तिने आईचं वाईट व्हावं म्हणून काही केलेलं नाही हे मला समजतं, आणि समजून काही होत नाही.

आई मात्र आता तुला बघायला आलेल्या त्या जयगडच्या माणसांबद्दल बोलायला लागली आहे. आपण कोणीच घरात तो विषय काढत नाही, तुला ठाऊक आहे. काल पट्ट्यातून वर आढ्याकडे बघत म्हणाली, "त्यांची स्वतःची होडी होती." मग म्हणाली, "तो मुलाचा काका काय म्हणाला होता, आठवतं तुला? मुलगी सोन्यासारखी हाय, पण पायाळूवर वीज येते. गावात घराचा आडोसा असतो, दर्यावर आडोसा कुठून आणायचा?"

मला आठवतं. पुढचंही आठवतं. नकार देऊन झाल्यावर त्याच काकाने उठताना कंबर धरली आणि म्हणाला, आता आलोच आहे तर पोरीने जरा पाय लावावा. आणि आई म्हणाली, लाव गो, पाहुणे हायत.

तू लावलास. मग महिन्याभरात गेलीस.

आई तेवढं सगळं बोलली नाही. होडीपाशी थांबली. उद्या पहाटे तिला कोल्हापूरला नेतो आहोत. बाबा बोट सोडून आलेत.

सलोनी

---

कोल्हापूर
९ डिसेंबर

ताई,

या कागदाचा फोटो काढून हितेशला पाठवते आहे. तो मडगावातच आहे. तुझ्या दारात येऊन दाखवेल. दार लावू नकोस. हा फोन नाही, कागदच आहे.

ऑपरेशन करावं लागणार. उशीर केला तर हातपाय परत येणार नाहीत, आणि पू आणखी वर चढला तर श्वास अडेल. मानेच्या पुढून उघडून पू काढायचा, खाल्लेलं हाड काढायचं, कमरेच्या हाडाचा तुकडा तिथे बसवायचा आणि पट्टीने जोडायचं. डॉक्टरांनी आईला सगळं समजावलं. ती म्हणाली, "कमरेचं हाड मानेत? मग नाय म्हणताना मी काय कंबर हलवू?" डॉक्टर हसले. आम्हाला वाटलं, तयार झाली.

तयार नाही. अंगठा देत नाही. सही तिला येते, पण हाताने होत नाही, म्हणून अंगठा. तोही मुठीत धरून बसली आहे. तेवढी मूठ अजून वळते. "दर्शनाचा पाय लागल्याशिवाय सुरी लावून घेणार नाय. त्या बाप्याचा पाय वाईट होता. माझ्या लेकीचा चांगला हाय." बाबा ओरडले, मग हात जोडले. डॉक्टर म्हणतात, शुद्धीवर असलेल्या बाईला तिच्या मनाविरुद्ध टेबलावर घेता येत नाही, तुम्ही समजवा. मी समजावलं. तुझ्या चिठ्ठीत होतं ना, तू समजाव. मी चित्र काढून समजावलं. मराठीत, आपल्या बोलीत, मासा कापून दाखवल्यासारखं. ती शेवटी म्हणाली, "सलो, तुला सगळं येतं. मला येत नाय. मला तिचा पाय लागू दे, मग तुझं सगळं खरं."

मानेच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या आहेत. ती नुसती वर बघते. सकाळी डॉक्टरांनी पायाच्या बोटांना पिन लावून विचारलं, कुठे लावली? ती म्हणाली, "लावलीत?"

मी काय लिहिते आहे ते मला कळतं आहे. मी तुला सांगितलं होतं की मी पाय लावायला बोलावणार नाही. आता बोलावते आहे. ये आणि पाय लाव. मानेला नको, मानेजवळही नको. चादरीखाली तिच्या तळव्याला तुझा तळवा टेकव, बस. त्याने काही होणार नाही, ना चांगलं ना वाईट. अंगठा मात्र मिळेल.

तुला त्या पायाचं काय वाटतं, ते मला ठाऊक आहे. मावशीच्या पाठीवर, सोसायटीच्या चेअरमनच्या कमरेवर, शाळेतून येताना वाटेत अडवून, कोणाच्याही ओटीवर. तू नाही म्हणालीस तर मी तुला दोष देणार नाही. असं लिहिणं बरं दिसतं म्हणून लिहिलं. देईन दोष. पण ते नंतरचं.

सलोनी

---

कोल्हापूर
१४ डिसेंबर

ताई,

तू बसस्टँडवर गेलीस आणि मी वॉर्डात परत आले. मला तुझ्याशी बोलायचं होतं, पण आपण दोघींनी फक्त चहा घेतला आणि तू विचारलंस, केस का कापलेस? चार वर्षांनी भेटून एवढंच.

ऑपरेशन नीट झालं. लांबलं, पण नीट झालं. आवाज बसला आहे, गिळताना दुखतं, ते जाईल म्हणतात. उजव्या हाताची बोटं काल हलली. मुठीत माझं बोट धरलं, धरलं म्हणजे टेकवलं. पायांना पिन लावली तर डाव्याला कळते, उजव्याला उशिरा कळते. डॉक्टर म्हणाले, सावकाश. बाबा पायरीवर जाऊन बसले.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते.

तू आलीस तेव्हा मी पलंगाच्या पायथ्याशी होते. आईला तुझा फक्त चेहरा दिसत होता, खालचं काही दिसत नव्हतं. ती म्हणाली, "आलीस? लाव गो." तू पलंगाचा दांडा धरलास. मी चादर वर केली, तिचा तळवा मोकळा केला, म्हणजे तुला सोपं जावं. तू चपलासुद्धा काढल्या नाहीस. दोन्ही पाय जमिनीवर होते. थोडा वेळ तशीच उभी राहिलीस आणि म्हणालीस, "लावला, आई."

आई म्हणाली, "बरं."

मग तिने मूठ सोडली आणि नर्सने तिच्या अंगठ्याला शाई लावली.

मी बघत होते हे तुला ठाऊक आहे. तू माझ्याकडे एकदा बघितलंस. मी चादर खाली सोडली. मी तोंड उघडलं नाही. तुझा राग नाही, ताई. मला फक्त ते कुठे ठेवायचं कळत नाही. आईने खोट्यावर अंगठा दिला आणि त्या खोट्याने ती वाचली. मी वर्गात याचं काय सांगू? कदाचित काहीच सांगायचं नसतं. मी अजून तेवढी मोठी झाले नाही.

हे पत्र कोणाच्या हाती लागू देऊ नकोस.

सलोनी

---

भाट्ये
११ मे २०२५

ताई,

बरेच महिने लिहिलं नाही. आई चालते. काठी लागते. पट्टा मार्चमध्ये सुटला. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अजून बधिर आहे, ते तसंच राहील कदाचित. गोळ्या चालूच आहेत. त्या चुकवत नाही, कारण बाबा समोर बसून घ्यायला लावतात. पाटी गेली ती गेली. आता ती घरात कोळंबी सोलायला घेते, उशीर लागतो, शिव्या घालते, सोलते. वाडीतल्या बायका परत चहा घ्यायला लागल्या.

चहा घ्यायला लागल्या त्याचं कारण मी किंवा दीपाली मॅडम नाही. कमळामावशीने सगळीकडे सांगितलं की दर्शना कोल्हापूरला आली, पाय लावला, आणि जिचे हातपाय गेले होते ती मालन उठून बसली. डॉक्टरांनी काय केलं ते गोष्टीत राहिलं नाही. तिला हे सांगताना मी ऐकलं आहे. ती खोटं सांगत नाही. तिला ते खरंच तसं दिसतं, आणि तिने त्या बाप्याकडे नेलं होतं ते झाकायलाही बरं पडतं.

मग माणसं यायला लागली. पहिल्यांदा एक बाई आली, तिच्या नवऱ्याच्या कमरेत उसण. मग दोन भाऊ नारळ घेऊन आले. दर्शना कुठं असते, पत्ता द्या, आम्ही गाडी करून जाऊ मडगावला. मी सगळ्यांना नाही म्हणत होते. ते हितेशला गाठायला लागले. हितेश मला म्हणाला, "मी किती जणांना चुकवू? एकाने तर डिझेल घालतो म्हणून सांगितलंय." मला दिसायला लागलं की एक दिवस तुझ्या दारात कोणीतरी कंबर धरून उभं राहणार, आणि तू ती खोली सोडून आणखी लांब जाणार.

मी आईला खरं सांगायचं ठरवलं. तिने खरं वाडीला सांगितलं तर हे थांबेल, असा माझा हिशेब. ती कोळंबी सोलत होती. मी म्हटलं, "आई, ताईने पाय लावला नव्हता."

ती सोलत राहिली. म्हणाली, "ठाऊक हाय."

मी विचारलं, कसं?

"तिचा पाय मोठ्या माणसाला लागला की ती वाकते. लहानपणापासून. पाय काढला की लगेच खाली वाकून नमस्कार करणार, समोर कोण का असेना. त्या जयगडच्याला पण वाकली होती. मी वाट बघत होते, तिचं डोकं खाली कधी जातंय. ती सरळ उभी. माझ्या डोळ्यांसमोर तिचा चेहरा तसाच."

"मग अंगठा का दिलास?"

तिने टरफलं एका बाजूला केली. बधिर बोटांनी तिला ती नीट गोळा करता येत नाहीत, पसरतात. "तिला लावायचा नव्हता. तरी एवढ्या लांबून आली आणि माझ्यासाठी खोटं बोलली. एकदा पाहुण्यांसमोर मी तिला नाय म्हणू दिलं नाय. परत तेच करू? मला वाटलं, आता मेले तरी चालेल, पण हिला लाव म्हणून परत नाय सांगायचं."

मी तिथेच बसून राहिले. ती म्हणाली, "बसतंस काय, भांडं आण."

हे झालं गेल्या रविवारी. काल संध्याकाळी ते नारळवाले भाऊ परत आले, सोबत त्यांचा म्हातारा बाप, दोघांनी धरून आणलेला. कमळामावशी होती. शेजारच्या दोन बायका होत्या. ओटी माणसांनी भरली. म्हातारा म्हणाला, "मालनबाय, तुझ्या लेकीला बोलव, नायतर पत्ता दे. मी काय उद्या हाय का परवा हाय."

आई काठीवर हात ठेवून बसली होती. म्हणाली, "तिच्या पायात आता काय नाय उरलं."

"म्हंजे?"

"होतं ते सगळं माझ्या मानेत उतरलं. माझं दुखणंच तेवढं मोठं होतं. आता तिचा पाय म्हंजे तुझा-माझा पाय."

मावशी म्हणाली, "असं असतं व्हय गो?"

"असतं तर. विहीर आटत नाय?"

धाकटा भाऊ हुशार निघाला. "मग वीज? वीज पण नाय आता?"

"पायातलंच गेलं तर वीज कशाला येईल? आता ती होडीत बसली काय आणि घरात बसली काय."

म्हाताऱ्याला पटेना. तो म्हणाला, मी इतकी वर्षं ऐकतो, पायाळू तो मरेपर्यंत पायाळू. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तेव्हा आईने मान वळवली. पूर्ण वळत नाही, थोडी वळते. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "माझ्यावर इश्वास नसेल तर हिला विचारा. बीएस्सी हाय. शाळेत शिकवते. हिला असलं सगळं ठाऊक असतं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हातारासुद्धा. या वाडीत मी काही सांगते आणि सगळे ऐकतात असं पहिल्यांदाच झालं. मी इतकी वर्षं त्यांना सांगत होते की पायात काही नसतं, तेव्हा कोणी ऐकलं नाही. टीबी लागत नाही हे सांगत होते, तेव्हा ऐकलं नाही. आता ऐकायला थांबले होते.

मला खरं सांगता आलं असतं. त्यांनी ते पुन्हा ऐकून सोडून दिलं असतं आणि तुझा पत्ता मागितला असता.

मी म्हटलं, "हो. एका मोठ्या आजाराला वापरलं की जातं. परत येत नाही. तसं पुस्तकात आहे."

म्हाताऱ्याने दोघांच्या खांद्यांवर हात टाकले. मग मुलांना म्हणाला, "चला." नारळ ठेवून गेले. मी त्यांच्यामागून धावत जाऊन सांगितलं, तुमच्या बाबांना सिव्हिलला आणा, मी येते सोबत, एक्सरे काढू. मोठा भाऊ म्हणाला, बघतो. बहुतेक आणेल.

मावशी आज सकाळपासून घरोघर सांगत फिरते आहे. दुपारपर्यंत मिरकरवाड्यापर्यंत गेलं असेल. तिच्याइतकं चांगलं हे कोणाला सांगता आलं नसतं. जूनमध्ये शाळा उघडली की मी नववीच्या वर्गावर जाईन आणि तिथे खरं सांगेन, तिथे काही लपवणार नाही. पण ओटीवर जे बोलले ते मी परत घेणार नाही. कोणी विचारलं तर पुन्हा तेच सांगेन.

ताई, तुझे पाय आता कोणाच्याच कामाचे नाहीत. ये.

सलोनी